रिकामे फोटो

"तो बघ, हेरॉन! हलू नकोस," श्रीरंग कुजबुजला.

शरयू सतरा नंबरच्या कॅम्पसाइटवर शेकोटीच्या लोखंडी कड्यातली राख काढत होती. फावडं तसंच हातात धरून तिनं तळ्याकडे पाहिलं. पाण्यात एक वाळकं खोड उभं होतं, त्याचा एक फाटा बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला. श्रीरंगचा कॅमेरा सात-आठ वेळा खटखटला.

"मस्त मिळाला ना?"

"हो," ती म्हणाली आणि राख बादलीत ओतली.

टेनेसीतल्या या स्टेट पार्कमधला त्यांचा हा तिसरा सीझन. ओहायोतलं डब्लिनचं घर विकून, तीस फुटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, घेऊन दोघं बाहेर पडले त्याला साडेचार वर्षं झाली होती. श्रीरंग तीस वर्षं ड्रेनेजचे नकाशे काढून रिटायर झालेला, ती हॉस्पिटलच्या लॅबमधून. स्वप्न त्याचं होतं. पार्कात होस्ट म्हणून राहायचं, आलेल्यांना जागा दाखवायच्या, बाथरूम्स धुवायची, शेकोट्या साफ करायच्या. बदल्यात राहायची जागा फुकट, आणि उरलेला वेळ फोटोंना. उरलेला वेळ त्याच्या वाट्याला आणि राख तिच्या, हे कधी ठरलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. 'एकच वर्ष' म्हणून ती निघाली होती. आता खाली बसून उठायचं तर जमिनीला हात टेकावा लागे. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी मुलीच्या, हिमानीच्या घराजवळ दोन खोल्या, आणि कणीक मळताना कोपर भिंतीला लागणार नाही असा ओटा, एवढंच तिला हवं होतं. दोनदा तिनं विषय काढला होता. तो गप्प झाला की तिला पुढे बोलवत नसे.

त्या दुपारी रेंजर डोना आरव्हीच्या दाराशी आली. ऑफिसच्या भिंतीवर श्रीरंगचे बारा फोटो लावायचे होते. सोमवारी दोघं हिवाळ्यापुरते ॲरिझोनातल्या पार्कात जायला निघणार, त्याच्या आत मिळाले तर बरं. श्रीरंग अंघोळीला गेला होता. "मी काढून ठेवते," म्हणून शरयूनं लॅपटॉप उघडला.

गेल्या वर्षीपर्यंत तो रोज संध्याकाळी दिवसभराचे फोटो तिला दाखवायचा. या उन्हाळ्यापासून दाखवेनासा झाला होता. तिला हायसंच वाटलं होतं. तेवढंच पाय वर करून पडायला मिळायचं.

ऑक्टोबर. सप्टेंबर. ऑगस्ट. फोटो स्वच्छ होते, पण त्यांत काही नव्हतं. नुसतं पाणी. हरणाचा मागचा एक पाय. कडेला पंखाचं टोक. एका फोटोत ती स्वतः होती, हातात बादली, आणि खांद्यांच्या वरचं सगळं कापलेलं. ती मागे मागे जात राहिली. चार महिन्यांत तिचा चेहरा एकदाही पुरता आला नव्हता.

श्रीरंग केस पुसत आला आणि लॅपटॉपच्या उजेडाकडे बघून थांबला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

काय कधीपासून, असं त्यानं विचारलं नाही. समोर बसला.

"जूनमध्ये डेंटिस्टकडे म्हणून गेलो होतो ना? ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. वाढत जाणार म्हणाला."

"आणि तू ड्राइव्ह करतोयस! मागे गॅस स्टेशनवर गाडी खांबाला घासलीस, तर म्हणे स्टिअरिंग लूज आहे. शेजारी मी बसलेली असते, श्रीरंग!"

तो टॉवेलची घडी घालू लागला.

"तुला थांबायचंच होतं," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर त्याच दिवशी कॅरीला नेलं असतंस."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. दोन वर्षं जे मागत होती ते आता हातात आलं होतं, आणि तिला धड आनंद होत नव्हता, धड रागावताही येत नव्हतं.

"नेलं असतं," ती म्हणाली. "पण चार महिने तू एकटा हे घेऊन फिरत होतास, आणि मी काय केलं? झोपले."

"सकाळी हेरॉन होता ना?"

"नाही. खोड होतं."

"मग हो का म्हणालीस?"

"दमले होते रे."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच ऑफिसात गेला. ती सोबत निघाली होती, त्यानं नको म्हटलं. डोनाला त्यानं सरळ सांगितलं, या वर्षीचे लावू नकोस, मला दिसत नव्हतं, आधीच्या दोन वर्षांतले घे. तिथूनच फोन करून ॲरिझोनाचं कॅन्सल केलं. हिमानी फोनवर रडवेली झाली. "आई, तू आरव्ही चालवणार? आर यू क्रेझी? मी फ्लाइट घेऊन येते."

"तू घरी थांब. मी आणते त्याला," शरयू म्हणाली.

रविवारी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये तिनं अकरा फेऱ्या मारल्या. तो शेजारी बसून नुसत्या हेलकाव्यावरून सांगत होता, "अजून नाही... मागचं चाक उशिरा येतं... हां, आता वळव." दोनदा ती रडली. दोन्ही वेळा तिचे डोळे पुसून होईपर्यंत तो थांबला, मग म्हणाला, "चल, परत."

सोमवारी ते निघाले. ती ताशी पन्नास मैलांच्या वर जात नव्हती. डोंगर चढून नॉर्थ कॅरोलिनाची पाटी मागे पडली तरी तिचे खांदे कानांशी आलेले होते. किती तरी वेळ श्रीरंग तिच्या डोक्यावरून, तिच्या बाजूच्या खिडकीत बघत होता.

"काय आहे तिकडे?" तिनं विचारलं.

"तिकडे काही नाही. तुझ्याकडे सरळ बघितलं की तू जातेस. जरा पलीकडे बघितलं, की दिसतेस."

मागचा ट्रक हॉर्न देत होता. शरयूनं त्याला पुढे जाऊ दिलं. मग मान थोडीशी श्रीरंगच्या बाजूला वळवून तिनं तशीच धरून ठेवली, समोरचा रस्ता दिसेल एवढीच.