लुओमकाकांचे पुसलेले फोटो

बाबांना झटका आला तेव्हा मी दोन महिन्यांची रजा टाकून आमच्या गावी, सा देकला आले. त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे.

माझे बाबा म्हणजे तुओंग फोटोवाले. नदीकाठच्या गावांतली निम्मी लग्नं त्यांच्याच कॅमेऱ्यानं पाहिली. डिजिटल कॅमेरा घेतल्यानंतरचे फोटो अकरा हार्डडिस्कवर पडले होते, एक लाख चौऱ्याऐंशी हजार. फोल्डरची नावं काय, तर ‘नवीन’, ‘नवीन नवीन’, ‘हेच नक्की’, ‘संत्रीवाल्याची थोरली’. झटक्यात उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं, तरी लोक यायचेच. कुणाची आजी गेलेली असायची, कुणाचा अल्बम पुरात भिजलेला. बाबा कपाळाला हात लावून बसायचे. शेवटी मी एक सॉफ्टवेअर घेतलं आणि सगळे फोटो एका जागी लावायला बसले.

तारीख, गाव, नवरानवरीचं नाव. चेहरे ओळखून सॉफ्टवेअर त्यांचे गठ्ठे करायचं आणि बाबा जाळीच्या झुल्यात पडून नावं सांगायचे. नाव अडलं की मी अंदाजानं पुरं करायची. चुकलं की चिडायचे. डॉक्टरांनी दिलेल्या व्यायामापेक्षा त्या चिडण्यानंच त्यांची जीभ जास्त सुटली असेल.

बाबांचे जुने फिल्मवरचे फोटोही मी स्कॅन करून चढवत होते, त्यामुळे वर्षभरानं डिस्क भरत आल्या. टाकाऊ फोटो काढून टाकावेत असं मी ठरवलं. डोळे मिटलेले, हललेले, काळेकुट्ट, पांढरेफटक. सॉफ्टवेअर वेचून समोर ठेवायचं आणि मी खूण करत जायची. एकतीस हजार निघाले. पुढे पुढे मी नीट बघतसुद्धा नव्हते. बाबांना विचारलं नाही. ते एकही काढू देणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. एका शनिवारी दुपारी ते झोपलेले असताना मी थेट डिस्कवरून सगळे पुसले आणि वर हलकं वाटून चहा करून प्यायले.

पुढच्या महिन्यात न्यानमावशी आल्या. त्यांचे यजमान लुओमकाका नावाडी होते. पूल व्हायच्या आधी वऱ्हाडं त्यांच्याच होडीतून जायची, आणि बाबाही. काका जाऊन महिना झाला होता. बाबांना अंत्ययात्रेला जाता आलं नव्हतं. मावशींना पाहताच त्यांचे डोळे भरले.

“रडू नका हो भाऊजी,” मावशी म्हणाल्या, “मी कामाला आलेय. एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी आहे, तेव्हा देव्हाऱ्यावर ह्यांचा फोटो लागेल.”

“घरात एकही नाही?” मी विचारलं.

“ओळखपत्रावरचा आहे. त्यात नारळ चोरताना धरल्यासारखा दिसतो. अंत्ययात्रेत तोच लावला, मला मेलीला लाज वाटली. मोबाईल समोर धरला की हा माणूस होडीच्या इंजिनात डोकं घालायचा. कुणाला फोटो काढू दिलाय त्यानं!”

बाबा झुल्यात उठून बसायची धडपड करायला लागले. “मला! मला काढू... द्यायचा. पहिला फोटो! प्रत्येक लग्न... पहिला लुओम!”

“हो की,” मावशी हसल्या. “घरी येऊन सांगायचा ना, आजपण नवरीच्या आधी माझाच निघाला म्हणून.”

मला ते तेव्हा कळलं. पहाटे होडीत बसलं की उजेड बघायला बाबा समोरच्या माणसावर कॅमेरा रोखायचे. एक फोटो पांढरा यायचा, एक काळा, एक हललेला. मग कॅमेरा जमला की लग्न सुरू. समोरचा माणूस म्हणजे लुओमकाका. मी नेमके तेच फोटो वेचून टाकले होते.

तरी मी फोल्डर उघडत गेले. एक लग्न चौथ्या फोटोपासून सुरू होत होतं, दुसरं सहाव्या.

“मागे,” बाबा म्हणाले. “अजून मागे.”

“बाबा, मागे काही नाही. मी पुसलेत.”

“कुणाला विचारून?”

झटक्यानंतर इतकं स्वच्छ वाक्य ते पहिल्यांदाच बोलले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मावशींनी बांबूच्या पानांची टोपी उचलली. “जाऊ दे पोरी. नव्हतं त्याच्या नशिबात.” दाराशी थांबून त्यांनी आणलेली संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी डिस्क घेऊन मी कान थो शहरात गेले. पुसलेलं परत काढून देणारा एक माणूस तिथे आहे. तासाभरानं त्यानं मान हलवली. त्या जागेवर मी महिनाभर स्कॅन केलेले फोटो चढवत होते. “पण ताई,” तो म्हणाला, “तुम्ही फोटो बघत कशात होता? ते उघडा.”

फोटो झटकन दिसावेत म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येकाची एक छोटी प्रत लॅपटॉपवर स्वतःपाशी ठेवतं. मी मूळ फाइली पुसल्या होत्या, त्या प्रती तशाच होत्या. खूण केलेले फोटो दिसू नयेत अशी सोय मीच केली होती, ती काढली. एकतीस हजार चौकोन समोर आले, प्रत्येकावर ‘मूळ सापडत नाही’ असं लिहिलेलं. त्यात लुओमकाका दोनशे बारा वेळा होते.

प्रती तळहाताएवढ्याच होत्या. देव्हाऱ्यावर हातभर फोटो लावतात. मी एक निवडला, काळोख उजळला आणि चेहरा रेखीव करणाऱ्या सोयीनं मोठा केला. गाल गुळगुळीत झाले, दात एका ओळीत बसले. छापून मावशींकडे नेला.

त्यांनी तो उजेडात धरला. “देखणा आहे हो. कोण हा?”

“काकाच आहेत, मावशी.”

“ह्याला मी कधी जेवायला वाढलेलं नाही.” फोटो हलकेच माझ्याकडे सरकवला.

घरी येऊन मी तो फाडला. बाबा नऊ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि दोनशे बारा फोटो एकेक करून दाखवले. एका फोटोवर त्यांनी डावं बोट टेकवलं. मोठा केला की तो हललेला दिसायचा, पण तळहाताएवढा ठेवला तर स्वच्छ होता. पहाटेचं धुकं, वल्ह्यावर हात, ‘आवर की लवकर’ म्हणावं तसं तोंड. तो मी तेवढाच छापला आणि मोठ्या फ्रेममध्ये चहूकडे पांढरी जागा सोडून बसवला.

एकोणपन्नासाव्या दिवशी बाबांना रिक्षातून नेलं. मावशींनी तो फोटो लावला, वाकून बराच वेळ पाहिला आणि बाहीचं टोक डोळ्यांना लावलं. एक नातेवाईक म्हणाला, “एवढ्या फ्रेममध्ये एवढुसाच?”

“जवळ जाऊन बघ की,” मावशी म्हणाल्या. “तेवढे पाय मोडत नाहीत तुझे.”

बाबांनी डाव्या हातानं उदबत्ती लावली. ती सरळ उभी राहीना, मी मनगट धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं नाही.

परतताना रिक्षात ते म्हणाले, “आणखी कोण... गेलं?”

“माहीत नाही, बाबा. पुसताना मी पाहिलंच नाही.”

“बघू.”

त्याच संध्याकाळी ते एकतीस हजार चौकोन उघडून दोघं बसलो. आतापर्यंत नऊ हजार झालेत. खूप चेहरे बाबांनाही आठवत नाहीत. तिथे मी गाव आणि तारीख घालते आणि नावाची जागा मोकळी ठेवते.