वजाबाकीत उरलेला हात

“पुन्हा पडदा हलला असेल,” म्हणत त्याने फोन दाबून गप्प केला. एक वाजला तरी मीटिंग संपायचं नाव घेत नव्हती.

साहेब हसले. “घरच्या कॅमेऱ्याला आवरा हो. तान्ह्या पोरासारखा बोंबलतो!”

कॅमेरा त्यानेच आईच्या पलंगासमोर लावला होता. देवाने तिची वाचा नेली होती, उजवा हात तेवढा ठेवला होता. दुपारी ताई शाळेत शिकवायला गेली की आई एकटीच असे.

बाटल्यांच्या कारखान्यात त्याचं काम हेच, कॅमेऱ्याने खोट शोधायचं. फोटो म्हणजे उभ्याआडव्या घरांत भरलेले आकडे. उजेड जास्त, तर आकडा मोठा. चांगल्या बाटलीच्या फोटोतून समोरच्या बाटलीचा फोटो वजा करायचा, ज्या त्या घरातून तेच घर. सारखं असेल तिथे शून्य, म्हणजे काळं. उरेल ती खोट. आईच्या खोलीत मिनिटापूर्वीचा फोटो आणि आत्ताचा. फरक दहाच्या वर गेला की फोन वाजे.

त्या संध्याकाळी त्याने दहाचे चाळीस केले.

“अरे, तिला काही हवं असलं तर?” ताईने विचारलं.

“मोठं काही झालं तर कळेलच की, ताई.”

देवाला पान हललेलंही दिसतं म्हणतात. ह्याने चाळीसाची अट घातली. फोन गप्प झाला.

सतरा दिवसांनी भर दुपारी आई झोपेतच गेली. “कुणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं,” डॉक्टर म्हणाले. तेवढ्यावर त्याने मनाची समजूत घातली.

पुढच्या रविवारी कॅमेऱ्याने साठवलेले जुने फोटो पुसायला तो बसला. पुसण्याआधी, हाताला लागलेली सवय म्हणून, एकातून एक वजा केले. सगळं काळं. फक्त एका कोपऱ्यात काही घरांत चौदा, बावीस, एकोणीस. फिकट चादरीवर फिकट हात. फरक तो किती पडणार? त्याने प्रत्येक घराला पाचाने गुणलं. काळोखातून बोटं वर आली. सतराही दिवस, एकच्या सुमारास.

“ताई, रोज एक वाजता काय मागत होती गं ही?”

ताई वाकून बघत राहिली. बोटं जुळलेली, तोंडाकडे नेलेली.

“मागत कुठे होती, वेड्या? तुझी जेवायची वेळ ती. जेवलास का, विचारत होती. मी शाळेतून आले की मलाही असंच विचारायची.”

त्याने एकही फोटो पुसला नाही. चाळीसाचं शून्य केलं.

सोमवारी एक वाजता कारखान्यात फोन वाजला. रिकाम्या खोलीत पडदा हलला होता.

“बसतोय गं जेवायला,” तो हळूच म्हणाला, आणि त्याने डबा उघडला.