रिकाम्या खिळ्यापर्यंत

मित्रांनो, फणसाच्या लाकडाची एक जुनी फळी, एवढीच माझी ओळख. माझ्याविषयी सांगायचं तर त्या शेवटच्या साध्या दिवसापासूनच सांगावं लागेल.

१९८८चा श्रावण. रत्नागिरीच्या बाजारात केरूमास्तरांचं कपडे शिवण्याचं दुकान होतं. त्यांनीच मला रंधा मारून गुळगुळीत केलं होतं आणि सारख्या अंतरावर खिळे ठोकले होते. खिळ्यांवर पत्र्याचे बिल्ले, ज्या क्रमाने शिवायचं त्या क्रमाने. बिल्ल्यावर गिऱ्हाइकाचं नाव नसे, कपाटातल्या खणाचा आकडा असे. कपड्यांचं गाठोडं त्या खणात, आणि नावाची चिठ्ठी गाठोड्याला. समुद्रावरून वारा सुटला की बिल्ले खणखणत. स्वस्थपणा माझ्या वाट्याला कधी आलाच नाही.

"नाव लिही रे बिल्ल्यावर," मास्तरांची बहीण चिमा दारातूनच म्हणाली. "माणसं काय आकडे आहेत?"

"गाठोड्यावर आहे ना गो नाव. दोनदा कशाला गिरवू?"

तेवढ्यात मालगुंडच्या सुंदराबाई आल्या. "मास्तर, ब्लाउज द्या. नाहीतर यंदा गणपतीपुढे तुम्हालाच नाचवीन!"

मास्तर हसले. मागच्या खिळ्यावरचा सुंदराबाईंचा बिल्ला त्यांनी पहिल्यावर आणला, पहिल्यावरचा मागे नेला. कपाटातलं गाठोडं जागचं हललंही नाही.

कोपऱ्यात मास्तरांची मुलगी राही गुडघ्यावर कागद घेऊन बसली होती. कॉम्प्युटरच्या क्लासात ती सी भाषा शिकत होती. काही नावं अक्षरांच्या क्रमाने लावायची होती. पण नावं उचलून एकमेकांच्या जागी ठेवताना लांब नाव आखूड जागेत मावेना, शेजारच्या नावावर सांडे. शिवाय नावं संपली तरी छापणं थांबेना, भलतीच अक्षरं उमटत राहत. तिचा पाय सारखा हलत होता. पेन्सिलीचं टोक चावून चावून चपटं झालं होतं.

"काय अडलंय गो?" मास्तरांनी विचारलं. "मला सांग तरी."

"पॉइंटर म्हणून आहे एक. उद्या सांगते, बाबा."

"उद्या तर उद्या."

त्यांनी माझ्यावरून नेहमीसारखं बोट फिरवलं. शेवटचा रिकामा खिळा लागला, तसा दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना ते उंबऱ्यावर बसले, आणि तिथेच गेले.

दुकान बंद राहिलं. माझ्यावर धूळ साचली, पण फटीतून येणारा वारा बिल्ल्यांना गप्प बसू देईना. शेवटी चिमाच म्हणाली, "लोकांचे कपडे तरी देऊन टाक, बाय. सणाला त्यांनी काय नेसायचं?"

राही आली. तिने पहिला बिल्ला काढला, आकडा पाहिला, त्या खणातून सुंदराबाईंचं गाठोडं बाहेर घेतलं. ब्लाउज शिवून झाला होता, हुक तेवढे राहिले होते. ते तिने तिथेच बसून लावले. मग दुसरा बिल्ला, तिसरा. कुणाचं गाठोडं कवेत न मावणारं, कुणाचं मूठभर. तिचं बोट मात्र दर वेळी एकच खिळा पुढे सरके. होता होता ते रिकाम्या खिळ्यावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

मित्रांनो, आता मी राहीच्या घरी असते. माझ्यावर किल्ल्या लटकतात. मला पुसा, तेल लावा, असा हट्ट मी धरणार नाही. पण आपलं कुणी "सांग तरी" म्हणालं, तर त्याला त्याच दिवशी सांगा. राहीने सांगितलं ते सगळी गाठोडी काढून झाल्यावर, दुकानातल्या शिवणाच्या मशीनकडे तोंड करून. पुढे खुर्ची रिकामी होती. ऐकणारी मी एकटी.

"बाबा, पॉइंटर म्हणजे तुमचा बिल्ला. त्यात नाव नसतं, नाव कुठे ठेवलंय ते असतं. क्रम बदलायचा तर नावं उचलायची नाहीत, बिल्ले बदलायचे. एक पुढे म्हणजे एक खिळा पुढे, गाठोडं केवढंही असो. आणि शेवटचा खिळा रिकामा ठेवायचा, म्हणजे कुठे थांबायचं ते कळतं."

तिने मशीनवरची धूळ हाताने पुसली.

"समजलं ना, बाबा? नसेल समजलं तर परत सांगते."