लाल लोकरीच्या शेंगा

व्रेनीने तिसऱ्यांदा शेंगा मोजल्या. लाल लोकर बांधलेल्या काल एकवीस होत्या, आज सतराच.

"पाखरांनी नेल्या असतील," कॉफीच्या कपातून मान वर न काढता नवरा म्हणाला.

"पाखरं कात्री घेऊन येतात का, रूएदी? देठ बघ, कसे सरळ कापलेत!"

हा वाटाणा तिच्या सासूचा. वेल पुरुषभर उंच, फुलं जांभळी, शेंगा चपट्या; सालीसकट लोण्यात परतून खायच्या. स्वित्झर्लंडमधल्या एमेन्टालच्या त्या गावात दुसऱ्या कुणाच्या परसात तो नव्हता, आणि नसावा अशीच व्रेनीची इच्छा होती. पोटभर खाऊन झाल्या की शेंड्याकडच्या उरलेल्या शेंगांना ती लोकर बांधायची. त्या वेलीवरच वाळायच्या. तेच पुढच्या वर्षीचं बियाणं.

संशय घ्यायला तिला लांब जावं लागलं नाही. कुंपणापलीकडे दोन वर्षांपूर्वी बर्नहून हुल्डाबाई राहायला आल्या होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी दोनदा बी मागितलं होतं. पहिल्यांदा व्रेनी म्हणाली, "उरलं नाही." दुसऱ्यांदा म्हणाली, "उंदरांनी खाल्लं."

"तुमच्याकडचे उंदीर भलतेच चोखंदळ दिसतात," हुल्डाबाई हसून म्हणाल्या होत्या.

ते हसू आता व्रेनीला आठवायला लागलं. स्वयंपाकघराच्या पडद्याआडून ती पाळत ठेवू लागली. हुल्डाबाई टोपली घेऊन बागेत आल्या. हातात कात्री! दुसऱ्या दिवशी चीजच्या दुकानात व्रेनी चारचौघींना ऐकू जाईल असं बोललीच, "शिकली-सवरलेली शहरी माणसं. पण हाताला सवय वाईट." संध्याकाळपासून हुल्डाबाईंनी नमस्कार बंद केला. चोराच्या मनात चांदणं, व्रेनीला वाटलं.

मंगळवारी झोपण्याआधी तिने चुलीतली राख चाळून वाफ्याभोवती पसरली. सकाळी राखेत पावलं उमटली होती. रुंद, आणि डावं पाऊल फरपटत गेलेलं.

ते पाऊल तिला ओळखायला वेळ लागला नाही. अडतीस वर्षं ती त्याच्या शेजारी निजत होती.

आत रूएदी दाढी करत होता. दर बुधवारी तो बसने लांगनाऊला जायचा, पायाच्या व्यायामासाठी. आज त्याने पांढरा शर्ट घातला. व्यायामाला पांढरा शर्ट? संशय कुंपण ओलांडून घरात आला.

पुढची बस धरून व्रेनी थेट व्यायामाच्या दवाखान्यात गेली. "त्यांचे उपचार मे महिन्यातच संपले," तिथली मुलगी म्हणाली. बाहेर आली तर समोरच्या बेकरीतून रूएदी केकचा खोका घेऊन निघत होता. तो चढ चढू लागला, आणि ती पन्नास पावलं मागे.

तो वृद्धाश्रमात शिरला, मागोमाग व्रेनीही. गॅलरीत चाकाच्या खुर्चीत त्याची बहीण एल्सी बसली होती. सासूच्या अंत्यविधीच्या दिवशी तिने हेच बी मागितलं होतं. "सात वर्षं शुश्रूषा मी केली, बागही माझीच," असं व्रेनीने तिला सुनावलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून अबोला. एल्सीच्या मांडीवर आता शेंगा होत्या.

"ये वहिनी," एल्सी म्हणाली. "चोर तिकडे उभा आहे. माल माझ्याकडे आहे."

रूएदी भिंतीकडे बघत राहिला.

"मागितल्या असत्या तर..." व्रेनी म्हणाली.

"दिल्या असत्यास?" एल्सीने विचारलं.



एल्सीने एक शेंग फोडली. "आईचा वाटाणा गवताच्या पहिल्या कापणीआधी ताटात असायचा. तुझा कधी येतो?"

"कापणीनंतर. पंधरा दिवसांनी."

"येणारच. आई बुडाकडच्या पहिल्या शेंगा बियाण्याला राखायची. आम्ही पोरं तोंडाला पाणी सुटून बघायचो, पण हात लावायची टाप नव्हती. तू पहिल्या खातेस आणि उरलंसुरलं पेरतेस. वर्षानुवर्षं उशिराचंच बी निवडत आलीस."

ही खोटं बोलतेय का, म्हणून व्रेनीने तिचा चेहरा निरखला. पण सासूच्या वेळी कापणीच्या मजुरांनाही त्या शेंगा वाढल्या जायच्या, हे तिला स्वतःलाच आठवलं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलत होतीस का तू माझ्याशी?"

"आणि उशिराचं बी तुला कशाला हवंय?"

"कसंही असलं तरी आईचंच आहे," एल्सी म्हणाली. "बस आता. केक तिघांना पुरेल."

परतीच्या बसमध्ये व्रेनी म्हणाली, "आणि तो शर्ट?"

"मळक्या शर्टात आलास तर दारातून परत पाठवीन म्हणते ती."

घरी न जाता व्रेनी चीजच्या दुकानात गेली आणि तिथल्या सगळ्यांना सांगितलं की चोर तिच्याच घरात सापडला. बायका खो खो हसल्या. मग बरणीतलं गेल्या वर्षीचं मूठभर बी पाकिटात घालून तिने हुल्डाबाईंचं दार वाजवलं.

"मी तुमच्याबद्दल नको ते बोलले. चुकलं माझं."

"मला कळलं होतं," हुल्डाबाई म्हणाल्या. त्यांनी पाकीट घेतलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. व्रेनीला त्यात काही वावगं वाटलं नाही.