संध्याकाळची सावली

रंगाऱ्याने बादलीत कुंचला बुडवला आणि राडारोड्यातून वर आलेला बूट पायाने बाजूला सारला. बूट जड लागला. आत पाऊल होतं. गेल्या बॉम्बहल्ल्यातल्या पहारेकऱ्याचं.

कारखाना पुन्हा उभा राहत होता. फळ्या, ताडपत्री, रंग. आत धुरापुरती एक चूल. शेजारच्या देशाची खात्री होती, की या गावात अणुबॉम्ब बनतो. इथल्या वरच्यांचं म्हणणं एवढंच, की खात्री खुशाल असू दे, फक्त भलत्या जागेची असावी.

म्हणून रंगारी. नाटकवाल्यांकडे असताना त्याने भिंतीवर रंगवलेल्या दारावर त्याची सासू जाऊन आपटली होती आणि तिच्या कपाळावरचं टेंगूळही त्याने रंगानेच सपाट केलं होतं, अशी त्याची ख्याती. ख्याती अर्थात त्यानेच पसरवलेली.

"त्यांना दोनच जागांचा संशय आहे," कप्तान म्हणाला. "ही पटली, की दुसरी वाचली."

"दुसरी कुठली, साहेब?"

"तू सावल्या रंगव. आणि पहारेकरी हिंडताना दिसला पाहिजे. ओसाड कारखान्यावर कोण बॉम्ब टाकेल?"

नवा पहारेकरी रंगाऱ्याचा मेहुणा होता.

"दाजी, चुलीवर चहा टाकू?" तो वरून ओरडला. "अणुचहा! एक घोट, की गाव साफ!"

घरी बायकोने ताट आपटलं. "माझ्या भावाला काही झालं, तर या घरात पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवते. आधीच गिरणीत जीव मेटाकुटीला आलाय. तळघराचा जिना विटांनी बुजवलाय मेल्यांनी. सगळं सूत आमच्या डोक्यावर."

रंगाऱ्याचं सुताकडे लक्षच नव्हतं. तो बोटाने ताटात सावली काढत होता.

विमानं यायची सकाळी. कप्तान पाहणीला यायचा संध्याकाळी. रंगाऱ्याने बुटक्या चिमणीची लांबलचक सावली जमिनीवर रंगवली, उगवतीकडे. कप्तानाने ती खऱ्या सावल्यांशी ताडून पाहिली आणि त्याची पाठ थोपटली. सकाळी हीच सावली थेट सूर्याच्या दिशेने पडलेली दिसणार होती, आणि वरून बघणारे काही आंधळे नव्हते.

सकाळी विमानं आली. मेहुणा चिमणीला चिकटला. विमानांनी एक घिरटी घातली, दुसरी घातली आणि काहीच न टाकता ती गावाकडे वळली.

"दाजी, तुमचा माल खपला नाही हो!" मेहुणा हसत सुटला.

तो हसत असतानाच जमीन पायाखालून उचलली गेली. सूतगिरणीच्या जागी धुराचा डोंगर उभा राहिला.

दोघं पोचले तेव्हा आभाळातून पेटतं सूत पडत होतं. एक बाई जळत्या केसांनी रस्त्यात गोल गोल धावली आणि बसल्यासारखी कोसळली. फाटलेल्या जमिनीतून कुठल्याच गिरणीत नसतात अशी पोलादी नळकांडी वर आली होती. त्यांच्याभोवती हात होते, नुसतेच.

"ताई!" मेहुणा नखं उखडेपर्यंत विटा उपसत होता.

कप्तान मागे येऊन उभा राहिला. त्याच्या कानातून रक्त येत होतं.

"ओळखलं त्यांनी. कसं ओळखलं? संध्याकाळी मी स्वतः पाहिलं होतं ना!"

विटांखालून रंगाऱ्याला ओळखीच्या बांगड्यांचा हात दिसला.

"दाजी, बघत काय राहिलात? धरा!"

उरलेल्या भिंतीची सावली मावळतीकडे पडली होती, सकाळी जशी पडायला हवी तशीच. रंगाऱ्याने आधी तिच्यातून पाय बाहेर काढला. मग तो वाकला.