गिऱ्हाइकाचं डावं

काच निम्म्यापर्यंत चढली आणि तिरकी होऊन अडली. मिस्त्रींनी हँडल उलटं फिरवून ती खाली घेतली, गाडीच्या दाराच्या पोटात मनगटापर्यंत हात घालून चाचपून पाहिलं आणि पुन्हा हँडल फिरवलं. काच पुन्हा तिथवरच आली. सकाळपासूनची ही सातवी खेप होती, नाहीतर आठवी.

त्यांनी ती अलगद बाहेर काढली आणि मांडीवर आडवी घेतली. तिच्या कडेला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'डावा'. मिस्त्री बसले होते तेही डाव्याच दारापाशी. या काचांना किंचित बाक असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतो, आणि हात म्हणत होता की बाक उलटा आहे. पूर्वीचे मिस्त्री असते तर त्यांनी आधी पट्टीला शिव्या घातल्या असत्या. हल्ली ते आधी हातावर संशय घेत.

गाडी दोन दारांची होती, वयाने मिस्त्रींपेक्षा चारच वर्षांनी लहान. धंदा बंद केल्यावर त्यांनी ती भंगारातून उचलून घरामागच्या शेडमध्ये आणली होती. पत्रा झाला, इंजिन झालं, रंग तर असा जमला की शेजारी मुद्दाम बघायला आले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, म्हणजे काचा, त्यांची रबरं, दारांची आतली पॅडं आणि मूठभर क्लिपा. सात महिन्यांपूर्वी सोडवताना प्रत्येक वस्तू पिशवीत घालून पट्टी लावून ठेवलेली होती. अशा कामाला त्यांना एरवी एक दुपार पुरली असती. आज चौथा दिवस होता.

आणि उद्या डॉक्टर होते.

तो विषय दीड महिन्यापूर्वी निघाला. मिस्त्रींनी बहिणीला फोन केला आणि गप्पांच्या ओघात विचारलं, "दाजींची तब्येत काय म्हणते?" दाजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. बहिणीने तिकडे फोन ठेवला आणि लगेच वहिनीला, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोला, केला. मग शेडची किल्ली पिठाच्या डब्यात सापडली. साठी बुद्धी नाठी, असं म्हणून मिस्त्री स्वतःच हसले होते, पण बायको हसली नव्हती. तिने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि मिस्त्री हटून बसले. शेवटी त्यांनीच तोड काढली. वेळेच्या आदल्या दिवसापर्यंत एका तरी दाराची काच कुणाच्या मदतीशिवाय बसवून, वरखाली करून दाखवायची. जमलं तर डॉक्टर रद्द.

"डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला हे जमत नाही," ते म्हणाले होते.

तेव्हा बोलून गेले होते. आता तेच वाक्य अंगावर आलं होतं.

बायको चहा घेऊन आली. कप बॉनेटवर ठेवायची तिची जुनी खोड, आणि त्यावरून ओरडायची मिस्त्रींची. आज ते ओरडले नाहीत. तिने स्वतःहूनच कप उचलून स्टुलावर ठेवला.

"होईल," ती म्हणाली.

"काय होईल? काच तीच, दार तेच, बसवणारा तोच. आणि बसत नाही. मला कळेनासं झालंय."

"थोडं थांबा ना मग."

"उद्यापर्यंतच थांबायचंय मला." त्यांनी कपाळ पुसलं आणि काळा ओघळ कानापर्यंत नेला. "एक कर. ते फडकं दे, डाव्या दारावर टाकलंय बघ."

बायको गाडीच्या समोर, दिव्यांपाशी उभी होती. ती आपल्या डाव्या हाताला वळली आणि पलीकडच्या दाराशी जाऊन शोधू लागली.

"अगं, डाव्या म्हणतोय मी."

"डाव्याच दाराशी आलेय."

"हे डावं. मी बसलोय ते. गाडीचं डावं म्हणजे सीटवर बसलेल्याचं, समोर उभ्या राहिलेल्याचं नाही. चाळीस वर्षं मिस्त्रीच्या घरात काढलीस आणि अजून गिऱ्हाइकाचं डावं..."

ते बोलता बोलता थांबले. गॅरेजात ही जुनी थट्टा होती. गिऱ्हाईक समोर उभं राहून सांगतं, डावा दिवा लागत नाही, आणि मिस्त्री मुकाट उजवा उघडतो. कामाला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पाना धरायच्या आधी हे शिकवत. मिस्त्रींनी गिऱ्हाइकांत कधी डावंउजवं केलं नाही, पण गाडीच्या डाव्याउजव्यात चुकणाऱ्याला त्यांनी कधी सोडलंही नव्हतं.

त्यांनी काच उचलली, गाडीला वळसा घातला आणि उजव्या दारात सोडली. हँडल फिरवलं. काच सरळ वर गेली आणि वरच्या रबरात अलगद शिरून बसली. त्यांनी ती खाली घेतली, वर नेली, खाली घेतली. मग 'उजवा' म्हणून ठेवलेली काच आणून डाव्या दारात घातली. तीही गेली.

"पट्ट्या उलट्या आहेत," मिस्त्री म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवावंसंही त्यांना वाटलं नाही. "मी नाही चुकलो. पट्ट्या चुकल्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कुणी लिहिल्या ठाऊक आहे? तुझ्या लेकीने. सुट्टीत आली होती तेव्हा मी काढत होतो आणि ती समोर उभी राहून लिहीत होती."

बायकोने फडकं उचललं आणि बॉनेट पुसायला घेतलं. बॉनेट स्वच्छ होतं.

"आठवतं ना तुला?"

"बसली ना काच," ती म्हणाली. "झालं तर मग."

मिस्त्रींनी मुलीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मुलगी शाळेत मराठी शिकवत असे. वर्गात आणि घरात, तिने आजवर आपली चूक वाद घातल्याशिवाय कबूल केलेली नव्हती.

"मास्तरीणबाई, डावंउजवं कळत नाही आणि पोरांना काय शिकवता?" असं म्हणून त्यांनी सगळं रामायण सांगितलं. चार दिवस, आठ खेपा आणि उलट्या पट्ट्या.

मुलीने मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं.

"आई आहे का तिथे?" मुलीने विचारलं.

"आहे की. ऐकतेय."

"हो बाबा," मुलगी म्हणाली. "माझंच चुकलं."

"एवढंच? भांडणार नाहीस?"

"नाही. छान झालं बाबा, काच बसली ते."

फोन ठेवून मिस्त्री कामाला लागले. पॅडांच्या आणि क्लिपांच्या पिशव्यांवरच्या पट्ट्या अजून उलट्याच होत्या. पुन्हा घोळ नको म्हणून त्यांनी पट्टीचं रीळ आणि मार्कर घेतला. पहिली पिशवी पुढ्यात ओढली, नवी पट्टी फाडून तिच्यावर लिहिलं आणि जुन्या पट्टीच्या खाली चिकटवली. दुसऱ्या पिशवीवर तसंच केलं. मग खोडायला म्हणून मार्कर जुन्या पट्टीवर टेकवला, आणि तो तिथेच राहिला.

वर जुनं 'ऊजवा' होतं. खाली 'डावा', आताच लिहिलेलं. त्यांनी पहिली पिशवी उचलून तिच्याशेजारी धरली. तिच्यावर वर 'डावा' होतं आणि खाली, शाई अजून ओली असलेलं, 'ऊजवा'. दोन्हीकडे ऊ दीर्घ, शेपटी तशीच खाली ओढलेली. तिसरीत असताना मुलगी पाटी घेऊन त्यांच्या मांडीवर बसली होती आणि म्हणाली होती, बाबा, उजवातला उ पहिला. ते हसले होते आणि त्यांनी जन्मभर दुसराच लिहिला.

मिस्त्रींनी मार्करला टोपण लावलं. त्यांनी ते दोन ऊ पुन्हा पाहिले, मग बायकोकडे पाहिलं. ती दाराचं हँडल फिरवून काच वरखाली करत होती. बघत मात्र दुसरीकडे होती.

"चांगली चालतेय," ती म्हणाली. "ठरल्याप्रमाणे करते मग फोन. उद्याचं रद्द करते."

"किती वाजताची आहे वेळ?"

"साडेदहाची."

मिस्त्रींनी दोन्ही पिशव्या बाकावर ठेवल्या, ज्या दाराची जी होती तशा.

"राहू दे," ते म्हणाले. "मला सकाळी लवकर उठव. नऊपर्यंत पॅडं बसवतो, मग निघू."