यजमान बसत नाही

“ऐकून ठेवा सगळ्यांनी! यंदा माझ्या घरी मेणबत्ती लागणार नाही. पाद्री नाही, प्रार्थना नाही आणि तो तुमचा संत निकोलाही नाही!”

रादिसावनं राकिया दारूचा ग्लास टेबलावर आपटला आणि चौकातली सगळी खानावळ त्याच्याकडे वळली. बेकरीवाली वुकोसावा घाईघाईनं छातीवर क्रूस काढत म्हणाली, “अरे मेल्या, बायको जाऊन वर्ष झालं नाही! निदान तिची तरी लाज बाळग.”

“तिला ठाऊक होतं मी कोण ते. तुलाच अजून कळलेलं नाही.”

गंमत अशी, की सगळ्यात जास्त भडकला तो औषधवाला सिनिशा. आता हा स्वतः ईस्टर सोडला तर चर्चची पायरी चढत नाही. “मी तरी कुठे मानतो रे? पण गावभर दवंडी पिटत फिरतो का? तुझ्यामुळे आम्ही गुपचूप न मानणारे उगाच बदनाम होतो.”

“गुपचूप कसलं? भित्रे आहात झालं! रविवारी चर्चबाहेर उभं राहून सिगरेट ओढायची. आतही जायचं नाही नि घरीही बसायचं नाही.”

रादिसावसमोर बुद्धिबळाच्या पटावर पाद्री नेनाद बसले होते. दोघं रोज संध्याकाळी खेळायचे. पाद्रीबुवांनी मानही वर न करता म्हटलं, “रादिसाव, चाल तुझी आहे.”

मी तिहोमिर, त्याचा शेजारी. आमच्या दोन अंगणांमध्ये एक मोडकं कुंपण आहे, तेवढंच काय ते अंतर. देवाच्या बाबतीत मला विचारू नका. तो आहे असं मी छातीठोकपणे सांगत नाही आणि नाही असंही म्हणत नाही. गाडी बर्फावर घसरली की हात मात्र आपोआप छातीकडे जातो. त्यामुळे रादिसावच्या हिशेबी मी सिनिशापेक्षाही गयागुजरा.

रादिसावचा धंदा धुराडी साफ करण्याचा. आमच्याकडे धुराडीवाला रस्त्यात दिसला की माणसं कोटाचं बटण धरतात. भाग्य येतं म्हणे. आता विचार करा, अख्ख्या गावात देव नाही असं उघड म्हणणारा हा एकटा, आणि त्यालाच बघून सगळे भाग्य मागणार! छपरावरून तो ओरडायचा, “बटण सोड, गाढवा! वर कुणी नाही, मी रोज बघून येतो!” एकदा पाद्री नेनादांचाच हात झग्याच्या बटणाकडे गेला. रादिसाव वरून गरजला, “का हो पाद्रीबुवा, तुमच्या देवावर भागत नाही वाटतं?” पाद्रीबुवा इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

त्याच्या घरची स्लावा मात्र दणक्यात व्हायची. स्लावा म्हणजे घराच्या संताचा दिवस; त्याच्या घरचा संत निकोला. तो बापाकडून मुलाकडे येतो आणि या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला यायचंय तो येतो. बोलावणं करणं म्हणजे अपमानच, जणू बोलावलं नसतं तर तुम्ही परके होतात! आणि यजमान दिवसभर बसत नाही. पाहुणे जेवतात, तो उभा राहून वाढतो. रादिसाव एका हातानं वाढायचा आणि तोंडानं संताची टिंगल करायचा. स्तामेना वहिनी मेणबत्ती लावायच्या, प्रार्थना म्हणायच्या आणि त्याही दिवसभर उभ्या. सगळे गेल्यावर चुलीजवळ, भांड्यातच चमचा घालून उभ्या उभ्या जेवायच्या. वसंतात त्या गेल्या. आणि आता हा असं बोलला.

गावानं त्याचा जो अर्थ घ्यायचा तोच घेतला. मेणबत्ती नाही म्हणजे दार बंद. घरात दुखवटा आहे, माणसाचं म्हणणं राखायला हवं. मीही तेच ठरवलं होतं.

संत निकोलाच्या दिवशी सकाळी अंगणात बर्फ ओढत होतो, तर कुंपणापलीकडून वास आला. भट्टीत भाजलेला घेवडा, कांदा, तळलेला कार्प मासा. मी फावडं टाकलं आणि मीठ मागायच्या निमित्तानं त्याच्या दारात गेलो.

पांढराशुभ्र शर्ट, वर वहिनींचा एप्रन. नखांतली काजळीसुद्धा घासून काढलेली. मागे लांबलचक टेबल मांडलेलं, ताटं, ग्लास, सगळं. दाराशी तिवईवर शिजवलेले गोड गहू आणि चमचे. आलेल्या पाहुण्यानं आधी ते खायचे असतात.

“काय पाहिजे?”

“मीठ.”

“काल पिशवीभर आणलंस, मी पाहिलंय. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?”

“बरं, नाही लपवत. हे काय चाललंय?”

“स्वयंपाक चाललाय. आंधळा आहेस का?”

“अरे, पण तू नाही म्हणालास ना!”

“मी मेणबत्ती नाही म्हणालो. पाद्री नाही म्हणालो. जेवायला येऊ नका असं म्हणालो का?” त्याचा आवाज एकदम खाली आला. “तिहो, जन्मभर मी नाही नाही म्हणत आलो. कुणी कधी ऐकलं? मग याच वर्षी कशाला ऐकायचं?”

ह्या माणसाला ओस घराची भीती वाटत होती, आणि ती सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हता. टेबलावरच्या रिकाम्या ताटांकडे तो बघेना आणि मीही बघेना.

“मग जा ना, बोलावून आण लोकांना.”

“बोलावू? स्लावाला?” तो भडकलाच. “अक्कल गहाण टाकलीस का? या दिवशी कुणी कुणाला बोलावतं?”

“वा रे वा! देव मोडीत काढलास आणि रीत मोडवत नाही?”

“देव होताच कुठे मोडीत काढायला? रीत तिची होती.”

त्यानं मला बसायला सांगितलं नाही आणि स्वतःही बसला नाही. मी तिथून निघालो तो थेट खानावळीत गेलो.

आत बघतो तर काय, सगळे हजर! वुकोसावाच्या डोक्यावर ठेवणीतला रुमाल, सिनिशाच्या गळ्यात टाय, पाद्रीबुवांची दाढी विंचरलेली. टेबलांखाली वाइनच्या बाटल्या आणि कॉफीचे पुडे दडवलेले. सवयीनं नटून निघाले होते आणि जायला घर नव्हतं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

बोलावणं करायचं नाही, हे मलाही कळतं. मी कोट झटकला आणि भिंतीला उद्देशून म्हटलं, “रादिसाव उभा आहे.”

“उभा?” पाद्रीबुवांनी विचारलं.

“सकाळपासून.”

पाद्री नेनाद उठले आणि त्यांनी टोपी घातली.

“पण बुवा, तो तुम्हाला नको म्हणालाय!” सिनिशा कुजबुजला.

“पाद्री नको म्हणालाय. मला भूक लागलीय. नाताळाआधीच्या उपासात मांस चालत नाही, आणि असा मासा दुसरीकडे कुठे मिळणार?”

मग खुर्च्या सरकल्या. रस्त्यानं सगळ्यांची चाल अशी की मला धाप लागली. दार उघडंच होतं. रादिसाव गव्हाचं भांडं हातात घेऊन उभा होता.

“संतासाठी आलात का?” त्यानं पाद्रीबुवांना विचारलं.

“माशासाठी.”

“मग या.” त्यानं चमचा पुढे केला. तोंड नेहमीसारखंच चाललं होतं. “या, या, भित्र्यांनो! सिनिशा, टाय सोड, श्वास घे जरा!”

घर भरलं. खरं सांगतो, मला इतकं बरं वाटलं की पहिला ग्लास कधी संपला कळलंच नाही. घेवडा जरा करपला होता. वुकोसावानं तो दोनदा घेतला, आणि वर “वहिनींची सर नाही हं” असं सुनावलंही. मग हळूच तिनं पिशवीतून मेणबत्ती काढून टेबलावर ठेवली.

“मी नाही लावणार,” रादिसाव म्हणाला. “तिच्यासमोर मी कधी खोटं वागलो नाही, आता तिच्या मागे तरी कशाला वागू?”

“अरे, एक काडी ओढायला तुझं काय जातं?” वुकोसावाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“वुकोसावा, राहू दे,” पाद्रीबुवा म्हणाले. “तो खोटी लावणार नाही, आणि खोटी लावलेली मला नको. तशीच असू दे. रादिसाव, मासा वाढ.”

मेणबत्ती तशीच राहिली. वुकोसावानं तिच्याकडे बघूनच क्रूस काढला. रादिसावनं ते पाहिलं. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच टोमणा गिळताना पाहिलं.

अंधार पडेपर्यंत गाणी झाली, भांडणं झाली, देव असण्या-नसण्यावरून सिनिशानं सगळ्यांचं डोकं खाल्लं. मग एकेक करून मंडळी गेली. शेवटी मी उरलो.

“आता तरी बस, बाबा. पाय मोडतील.”

“पाहुणा गेल्याशिवाय यजमान बसत नाही.”

“मग हा मी निघालो.”

कुंपणापर्यंत येऊन मी सहज मागे वळलो. खिडकीत दिवा होता. त्यानं टेबलाच्या टोकाची खुर्ची ओढली, स्वच्छ ताट मांडलं. घेवडा वाढला, माशाचा मधला तुकडा ठेवला, शेजारी ब्रेड. मला वाटलं, चला, अखेर बसला. पण तो बसला नाही. वहिनी उभ्या उभ्या जेवायच्या त्या घरात त्यानं त्यांना पान वाढलं होतं, आणि स्वतः खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बाजूला उभा होता.

मी बराच वेळ बर्फात थांबलो. मग लक्षात आलं, माझ्या हातात कोटाचं बटण आहे. त्यानं पाहिलं असतं तर ओरडला असता. त्यानं पाहिलं नाही, आणि मीही ते सोडलं नाही.